पोळ्याच्या आदल्या दिवशीचा ताप



रोवणी आटोपली, निंदण सुरू आहे आणि पोळा तोंडावर आला आहे. पोळ्याबद्दल तुम्ही लहानपणापासून ऐकत आल्या आहात. आज आम्ही बोलणार आहोत पोळ्याच्या आदल्या दिवसाबद्दल.

आपल्याकडे त्या दिवसाला खांदशेकणी म्हणतात. बैलाला नदीवर, तळ्यावर नेऊन धुतात. खांद्याला हळद आणि तूप लावून शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलून निघालेला असतो, म्हणून. मग त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. खांद शेकला की पोळा होईपर्यंत त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कोणी ठेवलंच, तर अख्खं गाव त्याला नावं ठेवतं. म्हणजे बैलाला सणाची सुट्टी आहे आणि सणाच्या आदल्या दिवसाचीही आहे. ती मिळवायला त्याला लंगडावं लागत नाही.

बाईचा आदला दिवस कसा जातो, ते तुम्हाला सांगायला नको. घर सारवायचं, पुरणाची डाळ निवडायची, लेकरांचे कपडे धुवायचे, पाहुणे उतरायला लागले की चहा. आणि ती बाई कामावर जाणारी असली, दवाखान्यात आया, दुकानात विक्रीला, हॉटेलात पोळ्या लाटायला, नाहीतर आमच्यासारखी डबे करणारी, तर त्या दिवशीची पाळी नेमकी तिच्याच नावावर लागलेली असते. मग रात्री झोपताना मनात येतं, सांगून देऊ का उद्या, ताप आला म्हणून?

हसू नका. आम्हीही सांगितलेलं आहे.

आमच्या बचत गटाचा स्वयंपाकाचा धंदा आहे. अकरा जणी आहोत. एका वसतिगृहाला रोज डबे देतो, सणावाराला पुरणपोळीची ऑर्डर घेतो. या धंद्यात मालकीण आम्हीच आणि मजूरही आम्हीच. दोन वर्षांपूर्वी खांदशेकणीच्या दिवशी मोठी ऑर्डर होती. पहाटे पाचपासून फोन सुरू झाले. एकीला ताप. दुसरीलाही ताप. तिसरीचा पाय मुरगळला. चौथीचा फोन आला, त्याची गोष्ट आम्ही शेवटी सांगणार आहोत. ऑर्डर अपुरी गेली आणि पैसे कापले गेले. पोळा झाल्यावर बैठक बसली, तेव्हा सगळ्याच तापलेल्या होत्या. ठराव आला की सणाच्या आदल्या दिवशी जी येणार नाही, तिचे दोन दिवसांचे पैसे कापायचे. हात वर झाले, आमचेही झाले. ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला, सह्या-अंगठे झाले.

आमच्यापैकी जिने बी.ए.ला इतिहास घेतला होता, तिला तो ठराव टोचत राहिला. कुठेतरी हे वाचलंय, असं तिला वाटत होतं. तिने जुनी पुस्तकं काढली, आणि सापडलं. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत मुंबईच्या गिरण्यांमध्ये शंभर वर्षांपूर्वी होती. तिला म्हणायचे डबल खाडा. आम्ही अकरा जणींनी, स्वतःच्याच धंद्यात, गिरणीमालकांचं हत्यार उचललं होतं.

तेव्हापासून आम्ही हा विषय उकरत बसलो आहोत. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी शब्दच बघा. कामावर न जाण्याला आपण दोन शब्द वापरतो, दांडी आणि खाडा. दांडी मारते ती कामाला जाणारी. तिच्या तोंडी तो शब्द थोडा मिजाशीतच येतो. खाडा मांडतो तो हिशेब ठेवणारा. आपल्याकडे सालदार पाडव्याला कामाला लागायचा तो पुढच्या पाडव्यापर्यंत, आणि त्याचे खाडे मालकाच्या वहीत असायचे. साल भरलं तरी खाडे भरून दिल्याशिवाय सुटका नसे. पोळ्याला मात्र सालदाराचा मान होता. नवे कपडे मिळायचे, सजवलेले बैल घरोघरी फिरवून बोजारा मिळायचा. सालदाराच्या बायकोच्या नावाने कोणती वहीही नव्हती आणि बोजाराही नव्हता. ती रोजीने जायची. गेली नाही तर रोजी बुडाली, एवढाच हिशेब.

त्याच्याही मागे जा. आपल्या भागात जमीनदाऱ्या होत्या, आणि जमीनदारी म्हटली की वेठ आली. बोलावलं की जायचं, ओझं वाहायचं, मजुरी मागायची नाही. ‘येत नाही’ म्हणायची सोयच नव्हती. ‘आंग दुखून रायलं’ एवढंच म्हणता यायचं. आमच्यातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात, की पूर्वी बाया वाड्यावरून बोलावणं आलं की डोक्याला फडकं बांधून बसायच्या. खोटं आजारपण आपल्याकडे आलं ते असं. नकार द्यायला जागा नव्हती, म्हणून. राज्यघटनेच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. फडकं मात्र अजून आपल्या हाताशीच आहे.

आता नागपूरला चला. चांद्याहून दीडशे किलोमीटर. तेव्हा आपला सगळा मुलूख मध्य प्रांतात होता, चंद्रपूरला चांदा म्हणायचे आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडायचं होतं. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, त्यावरून मिलचं नाव पडलं. मिल सुरू झाली आणि व्यवस्थापनापुढे एक अडचण उभी राहिली. माणसं रोज येतच नव्हती. मुंबईच्या गिरण्यांमध्ये शंभरातली आठ-दहा माणसं गैरहजर असायची, तर नागपुरात वीस.

या वीस जणांना त्या काळच्या साहेबलोकांनी आळशी ठरवलं. आम्हाला तसं वाटत नाही. ज्याचं गावाकडे शेत आहे, ज्याच्या घरी लग्न आहे, पोळा आहे, तो यंत्राच्या भोंग्यावर का धावेल? शेतकऱ्याचं वर्ष ऋतूवर चालतं. काम असेल तेव्हा रात्रंदिवस, नसेल तेव्हा नाही. गिरणीला मात्र श्रावण आणि चैत्र सारखाच. इकडे गडचिरोलीत तर सणाची तारीखसुद्धा पंचांग ठरवत नाही. गोंड-माडिया गावांत पंडुम कधी करायचा ते गाव बसून ठरवतं, आणि तो झाल्याशिवाय नवं धान्य, नवं फळ कोणी तोंडात घालत नाही. अशा मुलखातल्या माणसाला भोंग्याची सवय लागायला वेळ लागणारच.

जमशेटजींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. दंड लावत बसण्याऐवजी त्यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली. घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, रोख रक्कम. खेळांचे आणि बक्षिसांचे दिवस ठेवले, त्यांना कामगारांची घरची माणसंही यायची. १८८६मध्ये मिलमध्ये पेन्शन फंड सुरू झाला, १८९५पासून अपघाताची भरपाई. उगाच आरती ओवाळायची नाही. मालकाला यंत्र चालू ठेवायचं होतं आणि त्याला हा मार्ग स्वस्त पडला, असंही म्हणता येईल. तरी दंड आणि बक्षीस यांत फरक आहेच. आमच्या गटाने दंडाचा ठराव केला तेव्हा घड्याळाची आठवण कोणाला झाली नाही, एवढंच.

मुंबईत मात्र वेगळं घडलं. तिथे मालकाने काही दिलं नाही, कामगारांनी मागितलं.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८४८चा जन्म, ठाण्याचे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. आधी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी, मग गिरणीत भांडारावर कारकून. ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. त्या वेळी कायदा काय होता? १८८१चा फॅक्टरी कायदा फक्त मुलांचा विचार करत होता. सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून जास्त काम द्यायचं नाही आणि महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या. मोठ्या माणसाला, बाईला, काहीच नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम.

१८८४च्या सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं एक निवेदन तयार झालं. त्यात काय मागितलं ते नीट ऐका, कारण आमच्या दृष्टीने आजच्या बोलण्याचा गाभा तिथेच आहे. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

लक्षात आलं? सुट्टीची मागणी वेगळी, शरीराला इजा झाली तर त्याची मागणी वेगळी. लिहायला न येणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसांनीही या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या नाहीत. विसावा हवा, तो माणूस म्हणून हवा. त्यासाठी आजारी पडायची अट नको. आणि हात यंत्रात गेला तर पगार हवा, तो विसाव्याच्या खात्यातून कापायचा नाही.

ही मागणी लगेच मान्य झाली नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९०ला मुंबईत पुन्हा सभा भरली, दहा हजार कामगारांची. त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषणं केली. १८९० साल बरं का. पुण्यात सावित्रीबाई तेव्हा हयात होत्या, बायांनी चार लोकांत तोंड उघडणं म्हणजे लोक कुजबुजणारच, आणि या दोघी दहा हजारांपुढे उभ्या राहून सुट्टी मागत होत्या. आपल्या मासिक सभेत बोलायचं म्हटलं की पदराआड हसणाऱ्या आपल्याच मैत्रिणी आम्हाला आठवल्या. १० जून १८९०ला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी सगळ्या कामगारांसाठी आली आणि बायांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा आली. अकरा तास म्हणजेही काही थोडे नव्हेत. पण आधी तेवढीही वेस नव्हती.

आपण रविवार म्हणतो, लेकरांना शाळा नसते, टीव्हीवर सिनेमा असतो. तो रविवार असा आलेला आहे. लोखंडे १८९७मध्ये प्लेगच्या साथीत गेले. आजारी माणसांची सेवा करता करताच ते गेले. २००५मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

रविवार मिळाला तरी डबल खाडा चालूच होता. तो आवरायला १९३६चा पगार देण्याबाबतचा कायदा यावा लागला. जेवढे दिवस गैरहजर, तेवढ्याच दिवसांचा पगार कापायचा, जास्त नाही, असं त्यात आलं. पण एक कलम असं होतं की दहा किंवा त्याहून जास्त कामगार ठरवून, सूचना न देता आणि सबळ कारण नसताना एकदम गैरहजर राहिले, तर करारात तशी अट असल्यास आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येत असे. म्हणजे एकट्याच्या दांडीची सरकारला फार भीती नव्हती. दहा जण मिळून न सांगता बसले की भीती होती. आम्हाला यातून आणखी एक दिसलं. एकेकटीने खोटा ताप सांगितला तर तो खपून जातो, कारण त्याने काहीच बदलत नाही. पुढल्या पोळ्याला पाळी पुन्हा तशीच लागते.

बाळंतपणाचंही असंच. बाळंतपण हा आजार नव्हे, पण त्याला वेगळं नाव मिळेपर्यंत बाई एक तर पोटुशी कामावर यायची, नाहीतर काम सोडायची. मुंबई विधिमंडळात १९२८मध्ये बाळंतपणाच्या सवलतीचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू लावून धरली. १९२९मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, १९३०मध्ये, आपल्या मध्य प्रांतात. याबाबत आपला प्रांत फार मागे नव्हता, हे आम्हाला सांगायला आवडतं. आपल्या प्रांताला सगळे मागासच म्हणत आले आहेत.

खऱ्या आजारपणाची सोय सगळ्यात उशिरा आली. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८चा, आणि योजना प्रत्यक्ष सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ला, कानपूर आणि दिल्लीत. त्यात आजारी कामगाराला मजुरीचा काही भाग, वर्षात ठरावीक दिवसांपर्यंत मिळू लागला. डॉक्टरचा दाखला लागतो. आणि पहिले दोन दिवस कोरडे. ते का, याचा विचार केलात? एक-दोन दिवसांच्या तापावर कोणाचा विश्वास नसतो, म्हणून. सणाच्या आदल्या दिवशी किती जणांना ताप येतो हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असणारच.

म्हणजे दीडशे वर्षांत एकेका कारणाला आपलं नाव मिळत गेलं. आठवड्याची सुट्टी, अपघात, बाळंतपण, आजारपण. सणालाही मिळालं. महाराष्ट्रात २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात, ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असतील तिथे, वर्षाला आठ पगारी सण-सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार मिळून ठरवायच्या. त्यात पोळा घालता येतो, ज्यांना हवा त्यांना १६ ऑक्टोबर घालता येतो. शिवाय आठ दिवस किरकोळ रजा आहे. तुम्ही दुकानात, मॉलमध्ये कामाला असाल तर ही चार नावं तुमच्याकडे कोणी विचारली का, ते आठवून बघा. आम्ही विचारलं तेव्हा बहुतेक मैत्रिणींनी मान हलवली, नाही म्हणून.

आदल्या दिवसाचं नाव मात्र यात कुठेच नाही. ते कोणी मागितलंच नाही. मागणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त होते आणि त्यांचा सण सणाच्या दिवशी सुरू होतो. आपला आदल्या दिवशी सुरू होतो आणि सणाच्या रात्री भांडी घासून संपतो. म्हणून तो दिवस आपण तापाच्या नावावर काढतो.

आता चौथ्या फोनची गोष्ट.

ती आमच्या गटातली सगळ्यात कमी बोलणारी. तिला सिकलसेल आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार घरोघर माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, मग हाडं, सांधे, पोट असं दुखतं की माणूस लोळतो. फार श्रम झाले, पाणी कमी पडलं, थंडी-पावसात भिजलं, ताप आला, की दुखणं उठतं. आणि बाहेरून काही दिसत नाही. अंगाला हात लावून बघितलं तर कित्येकदा तापही नसतो. त्यातून पोळ्याचे दिवस म्हणजे पावसाचे आणि हिवतापाचे दिवस.

त्या पहाटे तिने फोन केला आणि म्हणाली, “बाई, आंग लय दुखून रायलं, आज नाही जमत.” तोवर तीन फोन येऊन गेले होते. आम्ही म्हणालो, “तुलाही आजच का गं?” बस, एवढंच. ती काही बोलली नाही. अर्ध्या तासाने आली. पाट्यावर पुरण वाटायला बसली. नऊच्या सुमाराला उठताना तिथेच कोसळली. गाडी करून दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, चार दिवस तिथेच होती. तिचा पोळा तिथेच झाला.

पहिल्या तिघींचा ताप दुपारपर्यंत उतरला होता, हे सांगायला नको. त्यांच्यावर आमचा राग राहिला नाही. एकीची सासू तिला सणाच्या आदल्या दिवशी घराबाहेर पाय ठेवू देत नाही, आणि गटात तिची पाळी असते, हे सासूला सांगायची तिची हिंमत नव्हती. आम्हालाही सांगायची नव्हती. दोन्हीकडे खोटं बोलून ती मधे अडकली होती. पण तिघींचा खोटा ताप चौथीच्या खऱ्या दुखण्याला महागात पडला, आणि तो पाडायला आमची जीभही होतीच. डबल खाड्याचा ठराव झाला तेव्हा ती नुकतीच घरी आली होती, बैठकीला नव्हती. आणि ठरावाप्रमाणे पहिला खाडा तिचाच मांडायला हवा होता, कारण पहिले तिघींचे आकडे कोणाला सिद्ध करता येत नव्हते. तेव्हा कुठे सगळ्या गप्प झाल्या.

तो ठराव आम्ही पुढच्या महिन्यात रद्द केला. रेघ मारली नाही, तो वहीत आहे तसा ठेवला आणि खाली रद्द केल्याचा ठराव लिहिला. जुनं काय लिहिलं होतं ते दिसावं म्हणून.

आता आम्ही आषाढातल्या बैठकीत वर्षाची पाळीची यादी करतो. प्रत्येकीने एकच आदला दिवस सांगायचा, मोठ्याने, सगळ्यांसमोर. तो तिचा. कारण सांगायची गरज नाही. कोणी खांदशेकणी घेतली, एका तेलुगू बोलणाऱ्या ताईने संक्रांतीच्या आदला दिवस घेतला. बौद्ध मैत्रिणींनी १५ ऑक्टोबर घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाल्यावर १६ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली होती, आणि त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपासून चंद्रपूरची दीक्षाभूमी माणसांनी भरलेली असते. खांदशेकणीला त्या पोळ्या लाटतात, १५ ऑक्टोबरला त्यांची पाळी दुसऱ्या उचलतात. एकीने महाकालीच्या यात्रेचा दिवस घेतला. आजारपणाचा रकाना वेगळा आहे आणि तिथे कोणी फोन केला तर आम्ही ‘आजच का’ विचारत नाही. खोटं कोणी बोलतच नसेल, असं आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ज्यांचा आदला दिवस त्यांच्या नावावर आहे, त्यांना त्या दिवशी ताप यायचं कारण उरलेलं नाही.

हे आमच्या गटात जमलं, कारण वही आमची आहे. ज्या मैत्रिणी ठेकेदाराच्या हाताखाली आहेत, जिथे आदला दिवस मागितला की ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकावं लागतं, त्यांना आम्ही खोटं बोलू नका असं सांगायला जात नाही. तो सल्ला देणं सोपं आहे, निभावणं त्यांना आहे. एवढं मात्र सांगतो की किरकोळ रजा असेल तर ती आधी, लेखी मागा आणि अर्जाची एक प्रत जवळ ठेवा. पाळी बदलून घ्यायची तर दोघी मिळून जाऊन सांगा. आणि फोन करायचाच झाला, तर तुमच्यासोबत कामाला असलेली ती एक आठवा, जिला खरंच दुखतं. ती प्रत्येक ठिकाणी एक असतेच.

सासूचा प्रश्न सुटलेला नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो, चहा घेतला, पाळीची यादी दाखवली. सासूबाई यादी बघून म्हणाल्या, “माह्या नावाचा दिवस कोणता हाये यात?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हातारी साठ वर्षं आदला दिवस करत आली आहे, आणि तिच्या त्या दिवसाची पाळी उचलायला कधी कोणी आलं नव्हतं.

यंदाची यादी झाली आहे. सगळे रकाने भरले, एक सोडून. दिवाळीच्या आदला दिवस सगळ्यांनाच हवा आहे. तीन बैठका झाल्या, अजून तो कोराच आहे. वसतिगृहाला सुट्टी असते, पण फराळाची ऑर्डर त्याच दिवशी असते आणि वर्षातला सगळ्यात जास्त पैसा तिथूनच येतो. घ्यायची की नाही, यावर शुक्रवारी पुन्हा बैठक आहे.